आम्ही, आपण आणि ओं

"आजी, सुट्टीत आम्ही बोर धरणावर जाऊ. आम्ही तिथे डबा खाऊ."

मॉन्ट्रियलला रात्रीचे साडेआठ वाजले होते, इकडे वर्ध्याच्या रामनगरात सकाळचे सात. माझी सहा वर्षांची नात झोपायच्या आधी फोनवर सुट्टीचे बेत सांगत होती. मी विचारलं, "आणि मी कुठे असेन?"

"तू पण येशील ना!"

"मग 'आपण जाऊ' म्हण."

"तेच तर म्हटलं. आम्ही जाऊ."

तिचं मराठी चांगलं आहे. घरात मराठीच बोलायचं, हा नेम लेक-जावयाने पाळलाय. 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, हे आमच्या विदर्भातलंही तिला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आम्ही जाऊ, आम्ही खाऊ. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. 'आम्ही'त ऐकणारा नसतो आणि 'आपण'मध्ये तो असतो, हे मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवायची वेळच आली नाही. आमच्या गल्लीतलं तीन वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. आणि माझीच नात मला डब्यातून वगळत होती, मनात काही नसताना, अगदी प्रेमाने.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, दिवसभर शाळेत फ्रेंच. तिथे आम्ही आणि आपण एकच. तिला तो फरक ऐकूच येत नाही." क्वेबेक प्रांतात १९७७ साली फ्रेंच भाषेचा कायदा झाला, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना सरकारी शाळेत सहसा फ्रेंचमधूनच शिकावं लागतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. इंग्रजीच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात आपली भाषा धरून ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला आदरच वाटतो. पण नातीच्या तोंडातलं 'आपण' कुठे गेलं ते मला शोधायचं होतं, आणि ते शोधायचं तर तिच्या शाळेच्या भाषेत शिरण्यावाचून इलाज नव्हता.

आमच्या वरच्या खोलीत हिंदी विश्वविद्यालयातली एक मुलगी भाड्याने राहते. १९९७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात हिंदीच्या जोडीला चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच या भाषाही शिकवतात. ही मुलगी मूळची बिहारची, फ्रेंचची पदविका केलेली. ती पहिल्यांदा सामान घेऊन आली तेव्हा फाटकातूनच म्हणाली होती, "आंटी, हम आ गए." मी तिच्या मागे आणखी कोण आहे ते बघू लागले. कोणीच नव्हतं. तिच्याकडे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. शिकवणीचे पैसे घ्यायला ती तयार होईना, तेव्हा रात्रीचं जेवण माझ्याकडे, असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी तिने वहीत नऊ शब्द लिहून दिले. मी शेजारी देवनागरीत उच्चार लिहिले: झ, त्यू, इल, एल, ओं, नू, वू, आणि पुन्हा इल, एल. झ म्हणजे मी, त्यू म्हणजे तू, इल तो, एल ती. नू म्हणजे आम्ही, वू म्हणजे तुम्ही. शेवटचे इल-एल अनेकवचनी. लिहिताना पुढे एक अक्षर वाढतं, एरवी ऐकायला तसेच. मधल्या 'ओं'वर बोट ठेवून ती म्हणाली, "इसको बाद में देखेंगे." तो शब्द नाकातून सोडायचा असतो.

मी उत्साहाने पहिलं वाक्य केलं आणि सवयीप्रमाणे सर्वनाम गाळलं. तिने थांबवलं. फ्रेंचमध्ये ते गाळता येत नाही. का, ते तिने 'बोलणे' या क्रियापदावर दाखवलं. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात: या चारही ठिकाणी कानाला एकच ऐकू येतं, 'पार्ल'. लिहिताना शेपट्या वेगवेगळ्या आहेत, पण त्या बोलण्यातून कधीच्या झडून गेल्या. म्हणून कर्त्याला दरवेळी दारात उभं राहून स्वतःचं नाव सांगावं लागतं. आपल्याकडे 'जेवलीस का?' एवढं म्हटलं की काम झालं. समोर कोण आहे, एकटी आहे, बाई आहे, तिच्याशी माझी सलगी आहे, सगळं त्या एका शब्दात आलं. 'अध्याहृत कर्ता' हा शब्द मी हजारो वेळा फळ्यावर लिहिला असेल. ही आपल्या भाषेची केवढी श्रीमंती आहे, हे मला साठी उलटल्यावर, दुसऱ्या भाषेच्या शेपट्या झडलेल्या बघून कळलं.

तू आणि तुम्ही यांत मला काही जड जाणार नाही असं वाटलं होतं. त्यू सलगीचं, वू आदराचं आणि अनेकवचनी, आपल्यासारखंच. तरी पहिली चूक तिथेच झाली. नातीला सरप्राइज द्यायचं म्हणून मी तिला फ्रेंचमध्ये विचारलं, "तुम्ही कशा आहात?" पुस्तकात ते वाक्य पहिल्याच पानावर होतं. ती हसली नाही. तिने वळून मागे बघितलं. आणखी कोण आलं, असं तिला वाटलं. मला एकदम फाटकातली ती संध्याकाळ आठवली.

मग आमच्या घरातली सर्वनामं मी मोजत बसले. आईला आम्ही भावंडं 'तू' म्हणायचो, वडिलांना 'तुम्ही'. सासूबाईंना 'तुम्ही'. यजमानांना चाळीस वर्षं 'अहो'. लेक नवऱ्याला सरळ 'तू' म्हणते, आणि लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिने माझ्यासमोर तसं म्हटलं तेव्हा मी दचकले होते. देवाला मात्र आपण सगळेच 'तू' म्हणतो. विठ्ठलाला कोणी 'तुम्ही' म्हणालं तर ते त्याच्याशी भांडण झाल्यासारखं वाटेल. फ्रेंच कॅथलिकांची गोष्ट निराळी. 'हे आमच्या पित्या' ही त्यांची रोजची प्रार्थना, तिच्यात देवाला 'वू' म्हणत असत. १९६६ साली ती बदलून 'त्यू' झाली. म्हणजे माझ्या वयाच्या फ्रेंच बायकांनी लहानपणी देवाला तुम्ही म्हटलं आणि मोठेपणी तू. त्या पहिल्या दिवशी त्यांची जीभ कशी वळली असेल, हे मला कुणालातरी विचारायला फार आवडेल. राज्यक्रांतीच्या काळातही, १७९३ साली, सगळ्या नागरिकांनी एकमेकांना 'त्यू'च म्हणावं असा आग्रह झाला होता. तो टिकला नाही.

एका रात्री वहीत नवं कोष्टक आलं. 'मला' आणि 'तुला'साठी म, त. 'आम्हाला' आणि 'तुम्हाला'साठी पुन्हा नू, वू. मी भाकरी थापत होते आणि ती मोठ्याने वाचत होती: म, त, नू, वू. पिठाचे हात तसेच ठेवून मी वळले. हे मला पाठ होतं. मे, ते, नः, वः. संस्कृतात अस्मद् आणि युष्मद् यांची जी छोटी रूपं आहेत, तीच ही. नः म्हणजे आम्हाला, आमचं. वः म्हणजे तुम्हाला, तुमचं. संस्कृत आणि लॅटिन या एका घराण्यातल्या बहिणी, आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक. लॅटिनमधले नोस आणि वोस हेच फ्रेंचमध्ये नू आणि वू झाले. आपलं तू आणि त्यांचं त्यू तर हजारो वर्षांत एवढंसंच हललंय.

नातं नुसतं आवाजाचं नाही. संस्कृतातली ही छोटी रूपं वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत, त्यांना टेकायला आधीचा शब्द लागतो. पाणिनीने तसा नियमच करून ठेवलाय. फ्रेंचचे म आणि त हेही असेच दुबळे, क्रियापदाला चिकटून राहणारे. 'कोण आहे?' असं विचारलं तर नुसतं 'झ' किंवा 'म' म्हणून चालत नाही. तिथे ठणठणीत 'म्वा' म्हणावं लागतं. नात फोनवर येते तेव्हा आधी तेच ओरडते, "म्वा!" 'तू'चं असंच ठणठणीत रूप आहे 'त्वा', आणि ते ऐकून मला संस्कृतचंच 'त्वा' आठवलं, पण हा मात्र निव्वळ उच्चाराचा योगायोग. फ्रेंचमधला तो 'वा' फार उशिरा आलेला आहे. आनंदाच्या भरात सगळंच आपलं म्हणू नये.

त्या रात्री मला विनोबा आठवले. वर्ध्यात राहून ते आठवले नाहीत तरच नवल. बडोद्याला शाळेत असताना दुसरी भाषा म्हणून त्यांनी फ्रेंच घेतली होती. वडिलांची तशी इच्छा होती. नरहरपंत रंगांच्या रसायनात रमणारे, नव्या विद्येची ओढ असलेले. आईला वाटायचं, मुलाने संस्कृत शिकावं. विनोबा संस्कृत पुढे आपल्या आपण आणि १९१७ साली वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले. १९१८ मध्ये आई गेली. गीता मराठीत हवी, ही तिची इच्छा त्यांनी इथे वर्ध्यात १९३०-३१च्या हिवाळ्यात 'गीताई' लिहून पुरी केली. ती गीताई माझ्या आईच्या देव्हाऱ्यात असे. मी लहानपणापासून ही गोष्ट आईची आणि वडिलांची ओढाताण म्हणूनच ऐकत आले. एकीकडे फ्रेंच, एकीकडे संस्कृत. पिठाच्या हातांनी त्या दोन भाषांची नावं शेजारी शेजारी ठेवली तर म, त, नू, वू हे सगळं घरातलंच निघालं. पोळपाटापाशी उभी राहून मी त्या मुलीला हे सगळं मराठी-हिंदीत सांगत होते आणि तव्यावरची भाकरी करपली.

पुढचं मला सोपं गेलं. इंग्रजीच्या वळणाने विचार करणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'मी त्याला बघते' म्हणताना 'त्याला' क्रियापदाच्या आधी आणायचं जड जातं. आपल्याला ती जागा जन्मापासून ठाऊक. 'मी तो तिला देते', तो म्हणजे गोरसपाक, आमच्या वर्ध्याचा खाऊ: झ ल ल्युई दोन्. मी, तो, तिला, देते. एकास एक. तिथला 'ल' ऐकून आमच्या कामवाल्या बाई म्हणाल्या, "हे तं आपल्यासारखंच हाये. मले, तुले, त्याले." या 'ल'चा वऱ्हाडीतल्या 'ले'शी काही संबंध नाही, पण त्या दिवसापासून त्याही ऐकायला बसू लागल्या. 'ल्युई' हे त्याला आणि तिला दोघांनाही चालतं, हे त्यांना पटलं नाही. "मंग बाई का बुवा, कसं कळन?" मला त्याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

अनेकवचनात मात्र त्यांचा न्याय मला खटकला. वर्गात वीस मुली आणि एक मुलगा असेल तर सगळ्यांना मिळून पुल्लिंगी 'इल'. माझ्या शिकवणारीलाही याचा राग आहे. तिने सांगितलं की २०२१मध्ये रोबेर या कोशाने आपल्या ऑनलाइन आवृत्तीत 'इयेल' असं नवं सर्वनाम घेतलं, तो आणि ती जोडून केलेलं, आणि त्यावर फ्रान्समध्ये केवढं वादळ उठलं. मी तिला 'ती दोघं' सांगितलं. नवरा आणि बायको, भाऊ आणि बहीण: दोघं आली, दोघं गेली. आपण सरळ नपुंसकलिंगात जातो आणि कुणीच कुणाच्या लिंगात बुडत नाही. तिने ते वहीत उतरवून घेतलं. नातीला हे येत नाही. ती स्वतःला आणि शेजारच्या मुलाला मिळून 'आम्ही दोघे' म्हणते. चंद्रालाही ती 'चंद्र आली' म्हणते, कारण फ्रेंचमध्ये चंद्र बाई आहे. ते मात्र मी सुधारत नाही.

जून उजाडला. वर्ध्याचा मे ज्याने काढलाय त्यालाच जूनची वाट बघणं कळेल. कपाशीवाले, सोयाबीनवाले सगळे आभाळाकडे डोळे लावून. आमच्याकडे पावसाचं नावही घ्यावं लागत नाही, "आला का तिकडे?" एवढंच फोनवर विचारतात. फ्रेंचमध्ये 'इल प्लो' म्हणतात. इल म्हणजे तो. मी नातीला विचारलं, "हा 'तो' म्हणजे कोण गं? पाऊसच ना?"

"कोणी नाही, आजी. तिथे कोणीच नसतं. नुसतं म्हणायचं असतं."

व्याकरण म्हणून तिचं अगदी बरोबर होतं. पण आमच्याकडचा 'तो' मोठा खरा आहे. त्या वर्षी तो उशिरा आला.

'ओं' आम्ही अगदी शेवटी घेतला. बोलताना फ्रेंच माणूस 'नू' फारसा वापरत नाही, 'ओं'च वापरतो, आणि क्रियापद एकवचनी लावतो. ओं जातो, ओं खातो: म्हणजे आपण जातो, आम्ही खातो, लोक खातात, कुणीतरी खातं. कोण ते प्रसंगावरून समजायचं. हा शब्द लॅटिनच्या 'होमो'पासून आला, म्हणजे माणूस. हे ऐकलं आणि माझी आईच बोलायला लागली: 'माणसानं जरा दमानं घ्यावं', 'माणसानं किती करावं'. तोच हा 'ओं'. आपलं 'आपण' कुठून आलं, ते मला माहीत होतं: आत्मन्, प्राकृतात अप्पण, मराठीत आपण. त्यांनी 'माणूस' घेतला आणि आपण 'आत्मा', आणि दोघांनी आपापल्या शब्दात बोलणारा, ऐकणारा, जग, सगळं बसवलं. शिवाय आपलं 'आपण' परक्याला मान द्यायलाही चालतं आणि 'तो आपण होऊन गेला' म्हणायलाही. मग 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यातली भिंत कुठून आली? तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असे अगदी असेच दोन शब्द आहेत. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे'. मराठीला हे द्राविडी शेजारातून मिळालं असावं, असं भाषेचे अभ्यासक मानतात. फ्रेंचला तसा शेजार नव्हता.

आता मला नातीचं वाक्य समजलं. ती 'ओं' म्हणत होती. मराठीत त्याला जागा शोधताना तिला 'आम्ही' सापडलं, एवढंच. तिच्या त्या 'आम्ही'ला दारच नव्हतं, मग ती मला बाहेर ठेवणार कशी? सहा महिने उराशी धरलेलं ते एका संध्याकाळी उतरलं. तरी तिला 'आपण' यायला हवंच होतं, ते मी सोडणार नव्हते.

जुलैत ती आली, शाळा संपल्यावर. नागपूरच्या विमानतळावरून वर्ध्याला येताना पाऊणशे किलोमीटर ती गाडीत बडबडत होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही सेवाग्रामला गेलो. बापूकुटीत ती चप्पल काढून शांत बसली. मी तिला सांगितलं, या आजोबांनीही तुझी भाषा शिकायला घेतली होती. खरंच आहे ते. लंडनला विद्यार्थी असताना त्यांनी फ्रेंचचे धडे घेतले, पुढे मॅट्रिकसाठी लॅटिनबरोबर फ्रेंच घेतली. आणि फ्रेंचच्या वाटेनेच काही माणसं या वर्ध्याच्या मातीपर्यंत आली. रोमाँ रोलाँ यांचं गांधीजींवरचं फ्रेंच पुस्तक मीराबेन यांना इकडे घेऊन आलं. लान्झा देल वास्तो जन्माने इटालियन, लिहायचे फ्रेंचमध्ये; ते वर्ध्याला आले, गांधीजींनी त्यांना शांतिदास नाव दिलं, आणि त्या प्रवासावर त्यांनी १९४३ साली पुस्तक छापलं. नातीला यातलं एवढंच लक्षात राहिलं की गांधीजी लॅटिनमध्ये एकदा नापास झाले होते.

आपण-आम्हीसाठी मी अंगणात खडूने एक गोल काढला. 'आपण' म्हटलं की समोरच्याला हाताला धरून गोलात घ्यायचं. 'आम्ही' म्हटलं की त्याला बाहेर उभं करायचं. तिला खेळ आवडला. आत घेण्यात तिला मजा वाटायची, बाहेर उभं करायला ती कुरकुर करायची. "आजी, सगळे आतच राहू दे ना."

मग हिंगणघाटहून दिरांची नातवंडं आली. तीन दिवस घर डोक्यावर. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मोठ्या नातवंडाबरोबर तिने पलंगाला चादर बांधून तंबू केला होता, आणि धाकटा, चार वर्षांचा, आत यायला बघत होता. तिचा आवाज आला, स्पष्ट, ठाम:

"आम्ही आत बसलोय. तू नाही."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. अगदी बरोबर. तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अचूक 'आम्ही'. बाहेर धाकटा भोकाड पसरून रडायला लागला. मी जाऊन त्याला कडेवर घेतलं. हे मीच तिला शिकवलं होतं, खडूने गोल काढून.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. जाण्याआधी आम्ही पवनारला धाम नदीवर गेलो. नदी भरून वाहत होती. बोर धरणाला या खेपेला जमलं नाही.

डिसेंबरात तिचा फोन आला तेव्हा मॉन्ट्रियलला पहिला मोठा बर्फ पडला होता. "आजी, आज आम्ही बर्फात खेळलो. आम्ही किल्ला केला. आम्ही चॉकलेटचं दूध प्यालो." एकही 'आम्ही' चुकीचं नव्हतं. मी तिथे नव्हतेच. मी म्हटलं, "छान केलंत."

मागून लेक तिला झोपायला बोलवत होती. "येते," ती ओरडली, आणि पडद्याजवळ तोंड आणून मला म्हणाली, "आजी, आपण उद्या बोलू."